हमीदाबानूंची न झालेली कुस्ती

कल्याण स्थानकातून कर्जतच्या बाजूस गाडी निघाली की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही स्थानके एकामागून एक येतात. पूर्वी प्रवासात घोडे बदलण्याचे ते ठिकाण होते, म्हणून बदलापूर हे नाव पडले, अशी व्युत्पत्ती सांगितली जाते. घोडे गेले. आता या गावांना जोडणाऱ्या रस्त्यावर सकाळ-संध्याकाळ स्कूटरी आणि मोटारसायकली धावत असतात, आणि त्यांतील पुष्कळ मुलींच्या हाती असतात. त्यावरून तरुण मंडळींत एक वाद हमखास रंगतो. रस्त्यावर ठीक आहे, परंतु शर्यतीच्या मैदानात स्त्री पुरुषाची बरोबरी करू शकेल काय? हा प्रश्न आपल्या काळाने निर्माण केला, असे दोन्ही पक्षांना वाटते. वस्तुतः ज्या खेळात यंत्राचा आडोसा नाही, जेथे देह देहाला भिडतो, त्या कुस्तीत हाच प्रश्न सत्तर वर्षांपूर्वी एका स्त्रीने चारचौघांत शड्डू ठोकून विचारला होता. त्या स्त्रीने आपली उतरती वर्षे याच परिसराच्या तोंडाशी, कल्याणात, दूध विकून काढली. तिचे नाव हमीदाबानू.

उत्तर प्रदेशातील मिर्झापूर हे हमीदाबानूंचे गाव. बाईमाणसाने आखाड्याच्या मातीला पाय लावणे तेथे मानवण्यासारखे नव्हते. गाव सोडून त्या अलीगढला गेल्या आणि सलाम पहिलवान या वस्तादाच्या हाताखाली तयार झाल्या. पुढे वृत्तपत्रांनी ग्रीक पुराणातील योद्ध्या स्त्रियांची आठवण काढून त्यांना अलीगढची ॲमेझॉन ही पदवी दिली. १९४० आणि १९५० च्या दशकांत हे नाव देशभर गाजत होते.

या धाडसाचे मोल कळण्यासाठी तालमीची घडण ध्यानात घेतली पाहिजे. आपल्याकडे तालीम ही केवळ व्यायामशाळा नव्हे. तेथे मारुतीची स्थापना असते, लंगोट हे ब्रह्मचर्याचे चिन्ह असते, आणि लाल मातीला देवघराचे सोवळे असते. त्या सोवळ्यात स्त्रीला प्रवेश नव्हता. म्हणजे स्त्री ही प्रतिस्पर्धी म्हणून दुबळी आहे, एवढ्यावर पुरुषांचे म्हणणे थांबत नव्हते. तिच्या नुसत्या येण्याने आखाडा बाटतो, अशी समजूत होती. दुबळ्या प्रतिस्पर्ध्याला कोणी दारात अडवीत नाही. त्याला आत घेऊन पाडणे सोपे असते. अडवले जाते ते दुसऱ्याच कसल्या तरी भीतीने. हमीदाबानूंच्या आयुष्यात ही भीती पुनःपुन्हा भेटते.

त्या काळच्या कुस्तीचे अर्थकारणही बदलत होते. शाहू महाराजांनी कोल्हापुरात मल्लांना आश्रय दिला आणि खासबागेचे मैदान उभे केले. बडोदे, पतियाळा येथल्या दरबारांतही पहिलवान पोसले जात. दरबाराच्या आश्रयावर जगणाऱ्या मल्लाला खुराकाची चिंता नसे आणि रोज नवा प्रेक्षक जमवण्याची गरज नसे. १९४९ साली कोल्हापूर आणि बडोदे ही दोन्ही संस्थाने विलीन झाली. आश्रयदाता गेला आणि त्याची जागा तिकीट काढणाऱ्या प्रेक्षकाने घेतली. मुंबईत तर ही तिकिटाची कुस्ती त्याआधीपासून रुळलेली होती. कौतुकाला किंमत आली, नवलाला त्याहून अधिक आली. पुरुषाशी झुंजणारी स्त्री हे नवल होते; तिच्या नावावर मैदान भरत असे. हमीदाबानूंच्या कीर्तीत या बाजाराचा वाटा मोठा होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. ज्या बाजाराने त्यांना मैदान दिले, त्यानेच पुढे त्यांच्या विजयांवर संशयाची पुटे चढवली.

या बाजाराचे एक चित्र १९४४ सालचे आहे. मुंबईत गुंगा पहिलवानाशी त्यांची कुस्ती ठरली. मैदानात वीस हजार माणसे लोटली, असे त्या वेळच्या वृत्तपत्राने नोंदवले. ऐनवेळी गुंगा पहिलवानाने अधिक पैसे आणि तयारीला अधिक वेळ मागितला, आणि कुस्ती रद्द झाली. संतापलेल्या लोकांनी मैदानाची मोडतोड केली. पैसे मोजून आलेल्या वीस हजारांना ती कुस्ती पाहायची होती, एवढे त्यावरून निश्चित होते. त्यांना स्त्रीचा विजय पाहायचा होता की पराजय, हे मात्र त्या मोडलेल्या खुर्च्यांवरून सांगता येणार नाही.

हमीदाबानूंची देहयष्टी आणि खुराक यांची वर्णने वृत्तपत्रे चवीने छापत. उंची पाच फूट तीन इंच, वजन १०८ किलो. दिवसाच्या आहारात साडेपाच लिटरांहून अधिक दूध, पावणेतीन लिटर सूप, पावणेदोन लिटर फळांचा रस, एक कोंबडी, किलोभर मटण, साडेचारशे ग्रॅम बदाम, अर्धा किलो लोणी, सहा अंडी, दोन मोठे पाव आणि दोन थाळ्या बिर्याणी. दिवसाचे नऊ तास झोप आणि सहा तास मेहनत. वाचकांची करमणूक होत असेल. पण रेशनच्या रांगेत उभ्या राहिलेल्या पिढीला या यादीतून खर्चाचा आकडाही दिसला असेल. दरबार नाही, नोकरी नाही, पाठीशी तालीम-संघ नाही, आणि हा खुराक रोजचा. तो पुढच्या कुस्तीच्या गल्ल्यातूनच निघणार. गल्ला वाढवायचा तर आव्हान अधिक धारदार केले पाहिजे. १९५४ सालच्या सुप्रसिद्ध पैजेकडे या बाजूनेही पाहिले पाहिजे.

त्या वर्षी फेब्रुवारीत हमीदाबानूंनी जाहीर केले की जो पुरुष आपल्याला कुस्तीत हरवील त्याच्याशी आपण लग्न करू. ही पैज सर्वत्र गाजली. तिच्याकडे थट्टेने पाहिले गेले, आजही पाहिले जाते. परंतु तिच्यातील दोन्ही पारडी तोलून पाहावीत. पुरुष हरला तर त्याची नाचक्की होई, आणि ती चार दिवसांत विसरली जाई. हमीदाबानू हरल्या असत्या तर एका दिवसात त्यांचा धंदा, नाव आणि स्वातंत्र्य तिन्ही गेली असती. इतक्या विषम अटींवर कोणताही शहाणा व्यापारी सौदा करणार नाही. त्यांनी केला, कारण त्याहून कमी किमतीत पुरुष मल्ल आखाड्यात उतरायला तयार नव्हते. पैजेनंतर पतियाळाच्या एका आणि कलकत्त्याच्या एका पुरुष मल्लाला त्यांनी हरवले. दोघेही आपापल्या प्रांतातले नावाजलेले पहिलवान होते.

मे महिन्यात त्या तिसऱ्या कुस्तीसाठी बडोद्याला आल्या. शहरात लॉऱ्यांवर आणि इतर गाड्यांवर फलक लावून कुस्तीची जाहिरात फिरत होती. महाराजांचा आश्रय लाभलेले छोटे गामा पहिलवान त्यांच्याशी लढणार होते. आयत्या वेळी त्यांनी स्त्रीशी लढण्यास नकार दिला. मग बाबा पहिलवान उतरले. १ मिनिट ३४ सेकंदांत हमीदाबानूंनी त्यांना चितपट केले. त्याच वर्षी मुंबईत रशियाच्या व्हेरा चिस्टिलिन या मल्ल स्त्रीला त्यांनी मिनिटभराच्या आत अस्मान दाखवले. हा विजय स्त्रीवरचा असल्यामुळे कोणाच्या पोटात दुखले नाही.

महाराष्ट्रात मात्र त्यांना जे अनुभव आले ते कुस्तीच्या पंढरीला भूषणावह नाहीत. पुण्यात रामचंद्र साळुंके या मल्लाशी त्यांची कुस्ती ठरली होती. स्थानिक कुस्ती संघटनेने हरकत घेतली आणि ती रद्द झाली. कोल्हापुरात त्यांनी एका पुरुष मल्लाला हरवले, तेव्हा चिडलेल्या शौकिनांनी हुर्यो उडवून त्यांच्यावर दगडफेक केली. पोलिसांना मध्ये पडावे लागले. कुस्ती निकाली झाल्यावर पागोटे उडवणारा आणि हरलेल्या परगावच्या मल्लालाही इनाम देणारा तो कोल्हापूरचा रसिक त्या दिवशी कोठे होता, असा प्रश्न पडतो.

हमीदाबानूंनी राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे दाद मागितली. आपल्या कुस्त्यांवर बंदी घातली जाते, अशी त्यांची तक्रार होती. मोरारजींनी उत्तर दिले की स्त्री म्हणून बंदी घातलेली नाही. त्यांच्यासमोर ठेकेदार नामधारी पहिलवान उभे करतात, अशा तक्रारी आल्यामुळे कुस्त्या रोखल्या आहेत. हा आक्षेप गंभीर आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. तिकिटाच्या कुस्तीत नुरा कुस्ती, म्हणजे आधी ठरवून केलेली लढत, सर्रास चाले. ठेकेदाराला निकालाशी कर्तव्य नसे, गल्ल्याशी असे. १ मिनिट ३४ सेकंदांत चितपट झालेले बाबा पहिलवान त्यातले होते की नव्हते, हे आज कोणत्याही कागदावरून सिद्ध होणार नाही. हमीदाबानूंचे सगळेच विजय शंभर नंबरी सोने होते, असे मानण्याची भाबडी घाई करण्याचे कारण नाही.

परंतु दोन्ही हरकती शेजारी ठेवल्या की एक गोष्ट स्पष्ट दिसते. समोर आलेला मल्ल खोटा आहे, म्हणून एक कुस्ती रोखायची. समोर येणारा मल्ल पुरुष आहे, म्हणून दुसरी होऊ द्यायची नाही. नामांकित मल्लाने स्त्रीशी लढणे कमीपणाचे मानून अंग काढून घ्यायचे, आणि मग हिने नामांकितांना कोठे हरवले, असे विचारायचे. हा पेच कोणत्याही डावपेचाने सुटणारा नव्हता. हमीदाबानू खऱ्या की खोट्या, हे ठरवण्याचा एकच मार्ग होता. चांगला पंच नेमून, वजनाचा विचार करून, चांगल्या पुरुष मल्लाशी निकाली कुस्ती लावणे. ही कुस्ती कधी झालीच नाही. न झालेल्या कुस्तीचा निकाल मात्र सर्वांनी देऊन टाकला.

येथे शरीरशास्त्राचीही बाजू आहे. पुरुषांची सरासरी ताकद, विशेषतः खांदे-दंडांची, स्त्रियांहून बरीच अधिक असते, हे खरे आहे. आपले अनेक सुधारक या मुद्द्यापाशी उगीच अडखळतात. तथापि सरासरी ही गर्दीविषयी बोलते, आखाड्यात उतरलेल्या दोन माणसांविषयी बोलत नाही. एका वर्गाच्या सरासरी गुणांवरून त्या वर्गातील एका विद्यार्थ्याचा निकाल कोणी लावत नाही. सर्वोत्तम पुरुष मल्लाला सर्वोत्तम स्त्री मल्ल बहुधा हरवू शकणार नाही. परंतु १०८ किलो वजनाची, रोज सहा तास घाम गाळणारी कसलेली स्त्री अनेक सामान्य आणि काही चांगल्या पुरुष मल्लांना सहज पाडील, यात अशक्य ते काय?

मोटारसायकलच्या शर्यतीत तर ताकदीचा पुष्कळसा भाग यंत्र उचलते. वळणावर गाडी झुकवायला, ब्रेकचा धक्का सोसायला शरीर कसलेले लागते. पण हलका चालक वेग घेण्यात उलट फायद्यात असतो. म्हणूनच मोटोथ्रीसारख्या वर्गात चालक आणि गाडी यांचे मिळून किमान वजन ठरवून दिलेले असते. तरीही तेथली कथा आखाड्याहून फारशी वेगळी नाही. इंग्लंडमध्ये बिअट्रिस शिलिंग या अभियंता स्त्रीने १९३४ साली ब्रुकलँड्सच्या धावपट्टीवर नॉर्टन मोटारसायकलीवर ताशी १०० मैलांहून अधिक वेगाने फेरी मारून सुवर्णतारा मिळवला. पुढे महायुद्धात लढाऊ विमानांच्या इंजिनाचा एक घातक दोष तिने एका साध्या चकतीने आटोक्यात आणला. लग्नाआधी नवऱ्यानेही तोच सुवर्णतारा मिळवावा, अशी अट तिने घातल्याची आख्यायिका आहे. हमीदाबानूंच्या पैजेशी तिचे साम्य गमतीचे आहे. फरक इतकाच की तेथे अट नवऱ्याने पुरी केली आणि संसार सुखाचा झाला.

१९६२ साली आइल ऑफ मॅनच्या जगप्रसिद्ध शर्यतीत बेरिल स्वेन ही ५० सीसी गाडीवर एकटीने उतरणारी पहिली स्त्री ठरली. तिने शर्यत पुरी केली. त्यानंतर तिचा परवाना काढून घेण्यात आला, आणि एकट्याने गाडी हाकणाऱ्या स्त्रियांना ते दार १९७८ सालापर्यंत बंद राहिले. ती हरली म्हणून दार बंद झाले असे म्हणावे, तर तिच्यामागे राहिलेल्या पुरुषांचे परवाने का शाबूत राहिले? पुढे २०१७ साली स्पेनच्या आना कारास्कोने पुरुषांबरोबरच्या जागतिक मालिकेतील शर्यत जिंकली, आणि २०१८ साली सुपरस्पोर्ट ३०० या वर्गाचे जगज्जेतेपद एका गुणाच्या फरकाने मिळवले. मैदान एकच, नियम तेच, गाड्या सारख्या. वादाचा निर्णय वादाने लागत नाही, शर्यतीने लागतो, तो असा.

त्यानंतर २०२४ साली स्त्रियांसाठी स्वतंत्र जागतिक मालिका सुरू झाली. हिला काहींनी पुढचे पाऊल म्हटले, काहींनी मागचे. बदलापूरहून मुंबईला नोकरीस जाणाऱ्या कोणत्याही बाईला हा पेच समजावून सांगावा लागणार नाही. स्त्रियांच्या राखीव डब्यामुळे हजारो जणींना नोकरी करता आली, हे निर्विवाद आहे. पण राखीव डबा आहे ना, मग या डब्यात कशाला चढलात, असे जनरल डब्यातले पुरुष त्याच राखीव डब्याकडे बोट दाखवून म्हणतात, हेही तितकेच खरे. वेगळा वर्ग ही सोय म्हणून असावी, हद्द म्हणून नसावी. हमीदाबानूंच्या वाट्याला तर सोयही आली नाही. स्त्रियांचा वर्ग अस्तित्वात नव्हता आणि पुरुषांच्या वर्गात जागा नव्हती.

१९५४ सालीच त्यांनी युरोपात जाऊन तेथल्या मल्लांशी लढण्याचा मनोदय जाहीर केला. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांचे नाव कुस्तीच्या बातम्यांतून नाहीसे झाले. याचे कारण त्यांच्या नातवाने पुष्कळ वर्षांनी सांगितले. वस्ताद सलाम पहिलवान यांना त्यांचे युरोपला जाणे पसंत नव्हते. त्यांनी काठीने मारून हमीदाबानूंचे हात मोडले. शेजारी राहिलेल्या एकाने पायही मोडल्याचे सांगितले आहे. जखमा भरल्या, तरी कित्येक वर्षे त्यांना काठीच्या आधाराशिवाय नीट चालता येत नव्हते. सलाम पहिलवानांशी त्यांचा विवाह झाला होता की नव्हता, याविषयी दोन्हीकडच्या कुटुंबीयांची सांगणी जुळत नाहीत. भर मैदानात ज्या स्त्रीला पुरुष पाडू शकले नाहीत, तिला घराच्या चार भिंतींत पाडले गेले, असा त्या हकिकतीचा अर्थ होतो. आणि पाडणारा हात, नातवाचे म्हणणे खरे असेल तर, डाव शिकवणारा हात होता.

सलाम पहिलवान अलीगढला परत गेले. हमीदाबानू कल्याणलाच राहिल्या. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांनी तोवर उल्हासनगर वसवले होते. अंबरनाथला शस्त्रनिर्मितीचा सरकारी कारखाना होता, आगकाड्यांचा कारखाना होता, आणि मागून रसायनांचे कारखाने आले. पोट भरण्यासाठी कोठून कोठून आलेल्या माणसांचा हा मुलूख. मिर्झापूरची एक धिप्पाड बाई येथे दुधाचा धंदा करते, यात कोणाला नवल वाटण्याचे कारण नव्हते. जी स्त्री एके काळी दिवसाला साडेपाच लिटर दूध पीत असे, ती आता मापाने दूध विकीत होती. जागेतील काही भाग भाड्याने देऊन थोडे उत्पन्न येई. तेही पुरेनासे झाले म्हणजे त्या घरी खाण्याचे पदार्थ करून रस्त्याच्या कडेला विकावयास बसत. आसपासच्या गावांत जत्रांचे आखाडे भरत होते, हलगी वाजत होती, आणि त्या हौद्यांत अजूनही फक्त पुरुष उतरत होते.

१९८६ साली हमीदाबानूंचे निधन झाले. त्यांच्या निधनानंतर एका वर्षाने, १९८७ साली, नॉर्वेत स्त्रियांच्या कुस्तीची पहिली जागतिक स्पर्धा भरली. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची कुस्ती २००४ साली आली. महाराष्ट्रात स्त्रियांसाठी महाराष्ट्र केसरीची पहिली स्पर्धा २०२३ साली सांगलीत झाली, आणि प्रतीक्षा बागडी हिने चांदीची गदा खांद्यावर घेतली.